कर्करोग दुसरीकडे, मार किडनीला: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र उभारण्याची घोषणा झाली. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या पेशंटला किमोसाठी दूरच्या शहरात खेटे घालावे लागू नयेत, असे आम्हालाही मनापासून वाटते. पण डे-केअर म्हणजे पेशंट सकाळी येणार, औषध चढणार आणि संध्याकाळी तो घरी जाणार. किडनीला बसलेला मार दिसतो तो त्यानंतर आठवडा-दहा दिवसांत, घरी. केंद्रे सुरू होतील तेव्हा किडनी राखण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून त्यांच्यात असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

तोंडाचा, घशाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे भरपूर. या तिन्हींत रेडिएशनच्या जोडीला दिले जाणारे मुख्य औषध म्हणजे सिस्प्लाटिन. स्वस्त आहे, गुणकारी आहे आणि किडनीला थेट इजा करणारे आहे. किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींत ते साठते आणि त्या मारते. शिवाय मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाते. बचाव महाग नाही. औषधाआधी साधारण एक लिटर आणि नंतर एक लिटर सलाइन, त्यात एक ते दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, आणि उलटी थांबवणारी औषधे वेळेवर. हृदय कमजोर असेल तर सलाइन बेतानेच. याला तीन-चार तास लागतात. खुर्च्या कमी आणि रांग मोठी असली की कात्री या तासांनाच लागते, म्हणून खुर्च्यांची संख्या ठरवताना ते धरा.

पुढचा धोका घरी. रेडिएशनने तोंड सोलवटलेले, घोट गिळताना डोळ्यांत पाणी येते. विदर्भात मे महिन्याचे ऊन. त्यात एसटीच्या प्रवासात वाटेत धड संडास मिळत नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. अशा कोरड्या पडलेल्या शरीरात अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची गोळी गेली, की उरलासुरला रक्तपुरवठाही किडनीला कमी पडतो. तीन आठवड्यांनी पुढच्या डोसच्या वेळी क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) पाहून उपयोग नाही. सातव्या दिवशी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासून आकडे त्याच दिवशी केंद्राला कळले पाहिजेत. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालायला उशीर नको. तिच्यातून पाणीही जाते, अन्नही.

एक बारकावा आवर्जून सांगतो, कारण चांगल्या डॉक्टरांचीही इथे फसगत होते. साठ वर्षांची बाई, वजन 38 किलो, क्रिएटिनिन 1.2. लॅबच्या कागदावर हा आकडा बहुधा नॉर्मलच्या रकान्यात बसतो. पण क्रिएटिनिन तयार होते स्नायूंत, आणि आजाराने स्नायूच झडलेत. वय, वजन घालून कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर तिची किडनी मिनिटाला जेमतेम 30 मिलिलिटर रक्त गाळते आहे. 50 च्या खाली आकडा असला की सिस्प्लाटिन सहसा टाळतात. पर्याय म्हणून कार्बोप्लाटिन द्यावे, तर त्याचा डोसच या आकड्यावरून काढायचा. म्हणून प्रत्येक डोसच्या दिवशी पेशंटचे वजन त्याच सकाळी काट्यावर घ्यावे, जुन्या केसपेपरवरून उतरवू नये, आणि हा हिशेब औषधाच्या चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय बाटली लागू नये. कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आणखी एक मार बसतो. मूत्रवाहिन्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळ्या, गर्भाशयमुखाच्या अगदी शेजारून, सुमारे दोन सेंटिमीटरवरून जातात. गाठ बाजूला पसरली की त्या दाबल्या जातात, लघवी तुंबते आणि किडनी फुगते. एकच बाजू बंद असेल तर दुसरी किडनी भार उचलते. क्रिएटिनिन फारसे हलत नाही, दुखतही नाही. दुसरी बाजू बंद झाल्यावर उलट्या, सूज, दम लागणे सुरू होते. अडथळा काही दिवसांत दूर झाला तर किडनी बरीच सावरते. महिने उलटले की गेलेले काम परत येत नाही. म्हणून निदानाच्या दिवशीच पोटाच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्या पाहाव्यात. पाठीतून सोनोग्राफीच्या मदतीने नळी घालणे, म्हणजे नेफ्रोस्टॉमी, जागा बधिर करून होते. ती जिल्ह्यात शक्य नसेल तर कुठल्या रुग्णालयात पाठवायचे हे आधीच ठरलेले असावे. अशा पेशंटला नुसत्या डायलिसिसवर ठेवणे म्हणजे तुंबलेली मोरी तशीच ठेवून वरचे पाणी उपसणे. अडथळा सुटल्यावर पहिले एक-दोन दिवस लघवीचा लोंढा येऊ शकतो. तेव्हा दर तासाला लघवी मोजून सलाइन आणि पोटॅशियम भरून काढावे लागते, नाहीतर पेशंट त्यातच कोसळतो.

रक्ताच्या कर्करोगांबद्दल थोडक्यात. मोठ्या गाठींचा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) किंवा ल्युकेमिया (रक्तपेशींचा कर्करोग) असेल तर पहिल्या किमोनंतर तीन दिवसांत पेशी फुटून युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम, फॉस्फेट रक्तात उसळते आणि किडनी बंद पडू शकते. असे पेशंट पहिल्या डोसला भरतीच हवेत. मायलोमात, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात, कंबरदुखी, रक्त कमी आणि क्रिएटिनिन वाढलेले, असे तिन्ही एकत्र दिसते. लघवीच्या पट्टीवर प्रथिने मात्र नाममात्र, कारण पट्टी अल्ब्युमिन हे रक्तातले नेहमीचे प्रथिन ओळखते, मायलोमाची प्रथिने नाही. त्यासाठी रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या मायलोमाची प्रथिने शोधणाऱ्या तपासण्या जिल्हा पातळीवरून मागवता आल्या पाहिजेत.

शेवटी, दाबलेली मूत्रवाहिनी उघडी ठेवण्यासाठी आत घातलेल्या बारीक नळीबद्दल, म्हणजे डीजे स्टेंटबद्दल. तो साधारण तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो. विसरला तर त्यावर खडे चढतात, तो बुजतो, जंतुसंसर्ग होतो आणि काढणेही अवघड होऊन बसते. प्रत्येक केंद्रात स्टेंट आणि नळ्यांची नोंदवही ठेवावी: घातल्याची तारीख, बदलायची तारीख, पेशंटचा आणि घरच्या एकाचा फोन नंबर. दर सोमवारी परिचारिकेने ती उघडून त्या महिन्यातल्या प्रत्येकाला फोन करावा.

आपले विश्वासू,
किडनीविकार आणि कर्करोग उपचारांत काम करणारे डॉक्टर व परिचारिका