एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या वायर व्हील्सबाबत (तारांच्या आऱ्यांच्या चाकांबाबत) तक्रार: चाके सैल होतात ती तुमच्या रंगामुळे

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा

विषय: चारही चाकांचे मधले नट वारंवार सैल होणे, चाके व ती ज्यांवर चढतात ते हब बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या मदत केंद्राचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे जे काही असेल ते लेखी.

चाके तुमची, हब तुमचे, नटही तुमचेच, एकाच संचातले. त्यामुळे चाक हबच्या दातेरी स्प्लाइनवर चढते, निमुळत्या टेपरवर बसते आणि मधला एकच नट ते दाबून धरतो, हे तुम्हाला समजावत बसत नाही. लक्षण असे: गाडी जॅकवर घेऊन, चाक अधांतरी ठेवून, आट्यांना आणि टेपरना ग्रीस लावून, नट तांब्याच्या हातोड्याने ठोकून पक्के केले. नट आणि चाक या दोन्हींवरून जाईल अशी रंगाची एक रेघ मारली. तीस-चाळीस किलोमीटरनंतर हातोडा लावला की नट सुमारे अष्टमांश फेरा आणखी फिरतो आणि रेघ तुटते. पुन्हा आवळा, पुन्हा रेघ मारा, पुन्हा तेच. आता ब्रेक दाबताना आणि रिव्हर्स घेताना चाकातून 'टक्' असा आवाज येतो.

बेअरिंगचा प्रश्न नाही. ब्रेक दाबून धरून चाक वर-खाली हलवले की बेअरिंगची ढिलाई लपते. इथे चाकाची ढिलाई ब्रेक दाबूनही तशीच राहते. म्हणजे ती चाक आणि हब यांच्यातच आहे.

चाक काढल्यावर कारण समोर आले. तुम्ही पावडर कोटिंग करताना चाकाचे दोन्ही टेपर झाकलेलेच नाहीत. हबवर बसणारा आतला टेपर आणि नटखाली येणारा बाहेरचा, दोन्ही रंगवून मोकळे झालात. नटच्या दाबाखाली तो रंग चेपून कडेला सरकला आहे. तिथे करड्या रंगाची वळी नखाला लागते आणि तिच्या आत उघड्या लोखंडाचे चकचकीत कडे दिसते. पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा असतो. दोन टेपरचा मिळून 0.2 मिलिमीटरपर्यंत. नट आवळल्यावर चाक धरून ठेवतो तो धातूला बसलेला ताण, आणि तो ताण मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो. मधला रंग चेपला की पकड संपली. मग चाक स्प्लाइनवर मागे-पुढे घासते. हबच्या स्प्लाइनवर तांबूस भुकटी दिसते आहे आणि दातांचे माथे अणकुचीदार होऊ लागले आहेत. म्हणजे चाकांबरोबर हबही गेले. घासलेल्या हबवर नवे चाक चढवले तर तेही लवकरच घासणार.

आता तुमच्या तज्ज्ञांचे उपाय. पहिला: "सर, अजून जोरात ठोका." दुसरा: "थ्रेड लॉक लावा." पंक्चर झाल्यावर रस्त्यात जो नट हातोड्याने सोडवायचा, त्याला आटे चिकटवून टाकणारे थ्रेड लॉक! तिसऱ्या उपायापुढे हे दोन्ही शहाणपणाचे वाटावेत. तो संवाद जसाच्या तसा देतो.

"सर, उजव्या बाजूचे नट कोणत्या दिशेला सुटतात?"
"घड्याळाच्या काट्याच्या दिशेला."
"तिथेच चूक झाली आहे, सर. उलटे हब बसलेत. डावे-उजवे हब बदलून बसवा."
"या गाडीला उजव्या बाजूला डावे, म्हणजे काट्याच्या उलट आवळणारे, आटेच असतात."
"सर, सगळे नट काट्याच्या उलट दिशेलाच सुटतात. कुठलाही मेकॅनिक सांगेल."
"तुमच्याच माहितीपत्रकात आकृती आहे, पाहा."
थोडा वेळ वाट पाहायला लावले. मग: "आकृती सर्वसाधारण आहे, सर. तुम्ही एकदा बदलून तर पाहा."

बदलून पाहा! डाव्या बाजूला उजवे आटे आणि उजव्या बाजूला डावे, ही रचना हौसेखातर केलेली नाही. नट आवळण्याची दिशा चाकाच्या पुढे फिरण्याच्या उलट ठेवलेली असते, म्हणजे चाक जरासे सैल झालेच तर नट सुटण्याऐवजी आवळण्याकडे सरकतो. हब अदलाबदल केले की गाडी चालता चालता स्वतःचे नट स्वतःच सोडते. हा सल्ला तुमच्या माणसाने "सर, सर" म्हणत दिला. फोन ठेवण्यापूर्वी 'समाधानी आहात का' हेही विचारले. सौजन्य कौतुकास्पद आहे.

मी टेपर झाकलेले नाहीत म्हटल्यावर उत्तर आले की संपूर्ण कोटिंग ही तुमची खासियत आहे, चाक गंजत नाही. टेपरवर रंग नको, तिथे धातूला धातू भिडला पाहिजे, हे तुमच्या रंगखात्याला कोणीतरी सांगा. टेपरवर रंग नको.

मागणी: टेपर व स्प्लाइन झाकून कोटिंग केलेली चार चाके आणि चार नवे हब, तुमच्या खर्चाने. पॉलिश पेपरने रंग घासून काढा असे कळवू नका. हाताने घासलेला टेपर एकसारखा राहत नाही. याच पद्धतीने रंगवलेली चाके ज्यांना विकली त्या सगळ्यांना गाडी न चालवण्याची सूचना पाठवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर पुढचे पत्र वकिलाचे असेल. रंग चेपलेल्या टेपरची छायाचित्रे आणि फोनवर मिळालेला सल्ला, दोन्ही त्याला जोडलेले असतील. तुमच्या चाकांबद्दल जुन्या गाड्यांच्या मंडळींत चांगले बोलले जायचे. आता विचारले तर मी चारही चाके काढून दाखवीन.

जॅकवर उभ्या गाडीचा मालक

सोबत: छायाचित्रे, पावतीची प्रत