तो 'भुतांचा सण' नव्हे

संपादक महोदय,

नोव्हेंबर उजाडला की मेक्सिकोतल्या 'मृतांच्या दिवसा'च्या रंगीत कवट्यांची छायाचित्रे दिसू लागतात आणि खाली हमखास 'भुतांचा सण' लिहिलेले असते. वाचून वाईट वाटते.

गेलेली लेकरे १ तारखेला आणि गेलेली मोठी माणसे २ तारखेला घरी येतात, या श्रद्धेने तिथली कुटुंबे घरात वेदी मांडतात. त्यावर फोटो, मेणबत्त्या, मीठ, साखर भुरभुरलेला गोल पाव, शिवाय त्या माणसाच्या आवडीचे जेवण. लांबून आलेल्याला तहान लागली असेल म्हणून पाण्याचा पेलाही भरून ठेवतात. दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट असते. रंगावरून, वासावरून माणूस बरोबर घरी पोचतो. (आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिकडचाच!) पात्स्क्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावर घरची माणसे रात्रभर थडग्यांपाशी दिवे लावून बसतात. यात भीती कुठे आहे?

आमच्याकडे पितृपक्षात आजोबांच्या पानावर अळूवडी न चुकता वाढली जाते. ती वाढताना आईचा हात क्षणभर थांबतो. मला तरी हा सण तिथेच कळला.

२००८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या या परंपरेला निदान 'मृतांचा दिवस' हे तिचे नाव तरी द्यावे, ही विनंती.

— एक वाचक, ठाणे