दहा-दहा सेंटांची बिल्डिंग

पिट्सबर्ग, डिसेंबर

आई, बाबा आणि आजी,

व्हिडिओ कॉलवर आजीने विचारलं होतं ना की तुमच्या कॉलेजला भारताची खोली आहे म्हणजे नक्की काय आहे, आणि तेवढ्यात नेट गेलं, म्हणून आज निवांत लिहितेय.

आमच्या युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गची मेन बिल्डिंग आहे, कॅथेड्रल ऑफ लर्निंग. नाव कॅथेड्रल पण चर्च नाही हं, ४२ मजली कॉलेज आहे! १९२६ ला काम सुरू केलं आणि मधे मंदी आली. जागा मेलन नावाच्या बड्या धनिक घराण्याने दिली, ते ठीक आहे, त्यांना काय कमी होतं. पण मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बिल्डिंगला पैसे जमवायला गावातल्या शाळकरी मुलांकडून एक-एक डाइम, म्हणजे दहा सेंट घेतले आणि सोबत ते पैसे कसे कमावले याचं पत्र पण लिहून घेतलं. अशी ९७ हजार मुलं होती बाबा! बिल्डिंगसाठी वीट विकत घेतल्याचं सर्टिफिकेट मिळायचं त्यांना.

हे ऐकल्यावर मला आजीच आठवली. कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, मंगळसूत्र विकलं हे ती किती वेळा सांगते आणि आपण "हो आजी माहितीये" म्हणून विषय बदलतो. अण्णांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली ती पण आपल्या कराडजवळच्या काल्यात, १९१९ ला, म्हणजे या बिल्डिंगच्या आधीच.

तर खोल्या. या गावात स्टीलच्या कारखान्यात राबायला कुठकुठून लोक आले, पोलंड, लिथुआनिया, इटली वगैरे. युनिव्हर्सिटीने त्यांना सांगितलं की तुमच्या देशाची एक वर्गखोली तुम्हीच उभी करा, पैसे तुम्ही जमवायचे, पुढची देखभाल आमची. आणि सजावट १७८७ च्या आधीची हवी, कारण युनिव्हर्सिटी तेव्हाची. पहिल्या चार खोल्या १९३८ ला उघडल्या, आता ३१ आहेत. आणि नुसत्या बघायच्या नाहीत, बहुतेकांत रोज तास होतात. माझा मंगळवारचा तास पोलिश रूममध्ये असतो, तिथे छत इतकं रंगीत आहे की प्रोफेसर बोलतात आणि मी वर बघत बसते (बाबा, मार्क चांगले आहेत, काळजी नको). चायनीज रूममध्ये गोल टेबल आहे म्हणजे गुरू-शिष्य एकाच पातळीवर. सीरिया-लेबनॉनच्या खोलीला मात्र कुलूप, काचेतूनच बघायची, कारण दमास्कसमधल्या जुन्या घरातून अख्खी उचलून आणलीय.

आपली भारताची खोली २००० सालची, नालंदासारखी, लालसर विटांची. खरं सांगू का, पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं की ताजमहाल नाहीतर मोर असेल, पण विटा बघून गप्पच झाले. नालंदा पण दानावरच चालायचं ना, गावंच्या गावं दिलेली होती त्याच्या खर्चाला.

रविवारी ओपन हाउस होतं. सगळ्या खोल्या सणासारख्या सजवतात, नाच, गाणी, खाण्याचे स्टॉल. मी आपल्या खोलीत माहिती सांगायला उभी होते, कुर्त्यावर, कारण साडी मला एकटीला नेसता येत नाही हे तुला माहितीये आई. एका आजोबांनी विचारलं की नालंदा तुमच्या गावाजवळ का? म्हटलं, लांब आहे हो, माझ्या गावाजवळ दोन नद्यांचा संगम आहे. तर ते म्हणाले इथे पण आहे की, अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला. मग त्यांना फोनमधला प्रीतिसंगमाचा फोटो दाखवला, मागे रांग लागलेली!

या खोल्यांच्या कमिट्या मुलांना बाहेरच्या देशात शिकायला स्कॉलरशिप पण देतात. मी पुढच्या वर्षी मदतीला नाव दिलंय, पैसे नाहीत म्हणून हातांनी.

आई, तुझी ती हिरवी नऊवारी मावशीबरोबर पाठव, आणि नेसायचा व्हिडिओ आजीचाच कर, तू फार भरभर नेसतेस.

तुमची,
पिंकी