डेल्फ्टच्या आधी अँटवर्पचे कुंभार होते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या युरोपियन टाइल्सवरचा लेख वाचला, फोटो मस्तच आहेत, पण इंग्लंडच्या नक्षीदार फरश्यांचं सगळं श्रेय हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहराच्या कुंभारांना देऊन टाकलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितेय. हॅम्पशायरमधल्या ‘द वाइन’ नावाच्या वाड्यातल्या चॅपेलच्या फरश्या बघा, माणसांचे चेहरे, पानंफुलं, निळा पिवळा हिरवा रंग, त्या १५२० च्या आसपास आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला बनल्या असं मानतात, आणि अँटवर्पला हे काम नेलं ते इटलीहून आलेल्या ग्वीदो आंद्रीससारख्या कारागिरांनी. म्हणजे डेल्फ्टचं नाव व्हायच्या कितीतरी आधी.

पुढे १५६७ च्या सुमारास अँटवर्पमध्ये प्रोटेस्टंट लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा त्याच आंद्रीस घराण्यातला यास्पर आणि त्याच्यासोबत याकोब यान्सन असे दोघं पळून इंग्लंडमध्ये नॉर्विचला आले, तिथे फरश्या आणि औषधवाल्यांच्या बरण्या करायला लागले. १५७० मध्ये त्यांनी थेट राणी एलिझाबेथकडे अर्ज केला की आम्हाला लंडनला थेम्सच्या काठी धंदा करू द्या. यान्सनने नंतर लंडनच्या ऑल्डगेट भागात काम सुरू केलं. घरदार सोडून आलेल्या या माणसांचं लेखात नावसुद्धा नाही याचं खरंच वाईट वाटलं.

आता मुद्दा ग्लेझचा, म्हणजे फरशीवर चढवून भाजलेल्या काचेसारख्या थराचा. शिशाच्या ग्लेझमध्ये कथलाची राख घातली की ती पारदर्शक न राहता पांढरी होते, खालची माती पूर्ण झाकली जाते आणि त्यावर रंग उठून दिसतो. भट्टीत जायच्या आधी हे ग्लेझ कोरडं असतं, रंग लगेच शोषून घेतं, त्यामुळे ब्रश एकदा टेकवला की खोडायची सोय नाही, हात किती पक्का लागत असेल विचार करा! पण हा थर मऊ, रोज बुटांनी घासला की चित्र निघून जातं. म्हणूनच १७ व्या शतकात अशा टाइल्स हळूहळू जमिनीवरून निघून भिंतीवर आणि शेकोटीभोवती गेल्या, आणि जमिनीवरच्या फार थोड्या धड उरल्या.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर कृपया एखाद्या झिजलेल्या फरशीचा फोटो पण छापा, जिच्यात अर्धं चित्र आणि अर्धी उघडी माती दिसते, आणि खाली अँटवर्पच्या कुंभारांची नावं द्या.

– एक वाचक, पुणे