गाडी डावीकडे ओढत होती

पुणे, 16 नोव्हेंबर 2025

प्रिय मन्या,

तब्येत ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, माझं बीपी गोळीवर आहे, बाकी सगळे मजेत. झालं हे. आता मुद्द्याचं.

मन्या, गाडी डावीकडे ओढत होती. आपली पल्सर.

आठ दिवस झाले हे कळून. रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. फोनवर तू लगेच "जाऊ दे रे, किती वर्षं झाली" म्हणून विषय उडवला असतास, आणि मला तो उडवायचा नाहीये. म्हणून पत्र. इतकं लांब मराठी मी कॉलेजनंतर पहिल्यांदाच लिहितोय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लाल पेनानं गोल कर, तुझी ती सवय गेली नसेलच.

सुरुवात ऑफिसात झाली. आमच्या जर्मन क्लायंटच्या गोदामाचं काम तुला माहीत आहे. दिवसभरात काय माल आला, काय गेला, याचा ताळा रोज पहाटे एक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लावतो. तो कोड 2017 चा. आधी तो त्यांच्या पहाटे पाचला लागायचा, गेल्या हिवाळ्यात त्यांनी वेळ अडीचवर आणली. मार्चमध्ये टीममधल्या एका पोरीनं तक्रारीचं तिकीट टाकलं, की 30 तारखेचा ताळा लागलेलाच नाही. मी माझ्या लॅपटॉपवर जॉब चालवून बघितला. व्यवस्थित चालला. "रीप्रोड्यूस होत नाही" असा शेरा मारून तिकीट बंद केलं. ती माझ्या जागेपाशी येऊन म्हणाली, "सर, पण तिकडे खरंच एक दिवस गळलाय." मी म्हणालो, "अगं, माझ्या मशीनवर चालतंय ना," आणि हेडफोन घातले.

आता बघ. 30 मार्च म्हणजे तुमच्याकडे युरोपात घड्याळं पुढे करायचा रविवार. दोनचे एकदम तीन वाजतात. त्या रात्री अडीच वाजतच नाहीत, मग अडीचचा जॉब लागणार कुठून? आणि आता 26 ऑक्टोबरला उलटं. तीन वाजले की घड्याळ परत दोनवर, म्हणजे अडीच दोनदा वाजले. ताळा दोनदा लागला. जेवढा माल आला होता त्याच्या दुप्पट कागदावर चढला, आणि सोमवारी त्यांची माणसं नसलेली खोकी शोधत रॅकमधून फिरत होती. इकडे आम्ही सगळे स्क्रीनसमोर. ती पोरगी एक शब्द बोलली नाही. तिनं गिट ब्लेम लावलं, म्हणजे कोडची कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते काढलं, ती ओळ शोधली आणि स्क्रीन हळूच माझ्याकडे वळवली. वेळ मशीनच्या घड्याळावरून उचलणारी ओळ. साल 2017. पुढे नाव माझं.

"सर, आपल्याकडे घड्याळ बदलत नाही ना," ती म्हणाली, "म्हणून तुमच्या मशीनवर चालत होतं."

वर्षातून दोनदा आमची रोजची मीटिंग साडेबाराची दीडला आणि दीडची साडेबाराला सरकते. ती याच घड्याळामुळे. आठ वर्षं मी त्यावर माझं जेवण पुढेमागे करतोय. आणि एक पोरगी समोर उभी राहून सांगते, तेव्हा मी तिचं ऐकत नाही.

तिची मी माफी मागितली, सगळ्यांसमोर, त्याच मीटिंगमध्ये. मार्चमधलं तिकीट परत उघडून तिच्या नावावर केलं. पण मन्या, त्या रात्री हिंजवडीतून घरी येताना माझ्या डोक्यात ती पोरगी नव्हतीच, तू होतास. चांदणी चौकात सिग्नलला उभा होतो (आपण जिथे सगळे जमायचो तो जुना पूल 2022 मध्ये स्फोट करून पाडला, आता तिथे इतके रॅम्प झालेत की तू चुकशीलच), आणि माझाच आवाज मला ऐकू आला. 2007 चा जून. मिसळीच्या टेबलावर तू म्हणालास, "गाडी डावीकडे ओढते रे." आणि मी बापू, देश्या, सगळ्यांसमोर म्हणालो, "मी चालवतो तेव्हा तर सरळ जाते." सगळे हसले. तूही हसलास. वाक्य तेच आहे, मन्या. शब्दसुद्धा फार बदललेले नाहीत.

मग शनिवारी पल्सर भाईंच्या गॅरेजवर घेऊन गेलो. भाई अजून तिथेच आहेत, दाढी पांढरीशुभ्र झालीय, पण तुझी आठवण काढतात. "वो चष्मेवाला, जो हर बार पाना माँगके खुद खोलने बैठता था." मी म्हणालो, भाई, सर्व्हिसिंग नकोय, हँडल पूर्ण उतरवा. ते म्हणाले, कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंग, गेली असेल, हँडल मधे अडकतंय, तेवढा बदलतो. मी म्हणालो, नाही, सगळं उतरवा, मला बघायचंय.

त्यांनी पुढचं चाक काढलं, शॉकअप काढले. शॉकअपचा एकेक पाइप घेऊन टेबलाच्या काचेवर बोटानं घरंगळवला. उजवा गुळगुळीत गेला. डावा जाताना दर फेऱ्याला काचेवर किंचित उचलला जायचा. टिक, टिक, टिक. एवढासा आवाज. मग त्यांनी खालचा टी, म्हणजे दोन्ही शॉकअप धरून ठेवणारा आडवा तुकडा, काढून उजेडासमोर धरला, एक डोळा मिटून पाहिला आणि माझ्या हातात दिला. मलाही दिसलं. डावा कान मागे गेलाय. फार नाही, दोन मिलिमीटर असेल. पण तो आपोआप गेलेला नाही, कुठेतरी दणका बसलाय. भाई म्हणाले, "ये आज का नहीं है. गंज देखो. बहोत पुराना है." मागचं चाकही त्यांनी दाखवलं. चेनच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या नव्हत्या, एक घर पुढे-मागे. कुणीतरी पुढचा वाकडेपणा झाकायला मागचं चाक तिरकं बसवलं होतं.

कुणीतरी म्हणजे कोण, ते मला माहीत आहे. आता जे लिहितोय ते तुला मी कधी सांगितलेलं नाही.

2006 चा फेब्रुवारी. गाडी घेऊन दोन महिने झाले होते. तू ताईच्या लग्नासाठी गावी गेला होतास, चावी माझ्याकडे. आमचा रिलीज रात्री बाराला संपला आणि मला घरी जाववेना. एकटाच लोणावळ्याला गेलो, चहा प्यायलो, परत निघालो. जुन्या हायवेवर वडगावच्या अलीकडे समोरून ट्रकचा अप्पर आला, मला काही दिसेना, आणि पुढचं चाक खड्ड्यात गेलं. पडलो नाही असं नाही, पडलो. गुडघा सोलला, हँडल वाकडं झालं. तिथल्या एका पंक्चरवाल्यानं पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल पिळून सरळ केलं, मागे काहीतरी खटपट केली, अडीचशे रुपये घेतले. सकाळी मी गाडी धुतली, इंडिकेटर नवा बसवला. तू आलास तेव्हा चावी तुझ्या हातात दिली. गुडघ्याचं विचारलंस तर म्हणालो, क्रिकेट खेळताना.

का नाही सांगितलं? निम्मे पैसे तुझे होते. नावावर तुझ्याच होती, कारण पुण्याचा पत्ता मावशीमुळे तुझ्याकडेच होता, मी तर कॉटबेसिसवर. आणि तू त्या गाडीला रोज सकाळी फडकं मारायचास. मला वाटलं, सरळ चालतेय ना, मग कशाला. आणि मला खरंच सरळ चालल्यासारखी वाटायची, मन्या. माझा हात जड. मी नकळत उजवीकडे दाबून चालवायचो, अंगच तसं वळलं होतं. टायर दर वेळी एका अंगानं झिजायचा आणि मी पुण्याच्या रस्त्यांना शिव्या घालायचो. तुझा हात हलका. तुला कळलं. तू मोकळ्या हातानं चालवायचास म्हणूनच तुला कळलं.

आणि मग जुलै. ताम्हिणी. निवे मागे टाकून पुढे आलो होतो, पाऊस नुकता थांबलेला, धबधब्यांचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. मी बापूच्या गाडीवर तुझ्या मागे. उजवं वळण होतं. तू वेगात नव्हतास. हे मी अठरा वर्षांत कुणाकडे कबूल केलं नाही, आज करतो. तू वेगात नव्हतास. तू वळलास आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, डावीकडे बाहेर जात राहिली. खडीवर चाक गेलं आणि तू खाली. निळा रेनकोट, आणि उताणी पडलेल्या गाडीचं चाक फिरत होतं. मी ते चाक बघत उभा राहिलो, बापू तुझ्याकडे धावला. या एका गोष्टीवरून तू माझ्याशी दोन महिने भांडलास, आणि ते भांडण बरोबर होतं.

कॉलरबोन, सहा आठवडे पट्टा. काकू कोथरूडच्या दवाखान्यात आल्या तेव्हा मी काय म्हणालो आठवतंय तुला? मला आठवतं. मी म्हणालो, "काकू, याला वळणात गाडी झुकवायची भीती वाटते, मी कधीपासून सांगतोय." तू पलंगावर होतास, ऐकत होतास.

भाईंना मी सरळ विचारलं, तो या टीमुळे पडला असेल का? ते प्रामाणिक आहेत. म्हणाले, ओला रस्ता, खडी, कशानंही पडतो माणूस. पण ओढत असणार हे नक्की. मला तेवढं पुरे आहे. तू खरं सांगत होतास आणि मी तुला खोटं पाडलं, तेही माझ्याच हातून झालेल्या वाकडेपणावरून.

तू नंतर गाडीला हात लावला नाहीस. 2009 ला जाताना चावी माझ्या हातात देऊन म्हणालास, "तुझंच ऐकते ती. मला नाही जमत." विमानतळावरून परत येताना मी ते वाक्य कौतुक म्हणून घेतलं होतं. सोळा वर्षं मी दर रविवारी ती गाडी काढतोय. ऑफिसला हिमालयन नेतो, पण रविवार पल्सरचा. मुळशीच्या पाण्याकडेनं जाताना मला जे सुख मिळतं, ते तुझ्या वाट्याचंही मीच घेतलं, असं आता वाटतंय.

आणि हे सगळं आत्ता सांगायला बसलो त्याचं खरं कारण तुझा गणपतीतला फोन. तू म्हणालास, पोरगी सोळाची झाली, तिकडे सोळाव्या वर्षी छोट्या मोटारसायकलचं लायसन्स मिळतं, तिला हवंय आणि तू नाही म्हणालास. का, तर "आपल्या रक्तातच नाही ते." मी "हं" म्हणालो आणि दुसरंच काहीतरी बोललो. मन्या, तुझ्या रक्तात होतं. आम्हा सगळ्यांत तुलाच गाडी सगळ्यात चांगली कळायची. तिला हो म्हण किंवा नाही म्हण, बाप तू आहेस. पण नाही म्हणायचं असेल तर दुसरं कारण शोध. हे कारण मी तयार केलेलं आहे, ते तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस.

एवढं लिहून मघाशी उठलो, चहा केला, सगळं परत वाचलं. काही खोडलं नाही.

तुझं नवीन घर कसं आहे? वहिनींचा जर्मनचा क्लास संपला का? काकूंना मी दिवाळीत भेटून आलो, चकली खाल्ली, त्या ठणठणीत आहेत आणि तुझ्यापेक्षा मलाच जास्त रागावतात. त्यांनाही सांगणार आहे हे, पुढच्या रविवारी जाऊन. देश्या विमाननगरला शिफ्ट झाला. बस, एवढंच.

हां, कामाचं. गाडीचं पासिंग डिसेंबरात संपतंय. सोबत ते वाढवायचा फॉर्म 25 पाठवतोय, त्यावर सही करून लगेच परत पाठव. नव्या नंबर प्लेटचंही व्हायचंय, त्याचा ओटीपी लागला तर रात्री-अपरात्री फोन करीन, उचल. मध्यंतरी तू म्हणाला होतास की आता तुझ्या नावावर करून घे म्हणून. 29 आणि 30 नंबरचे फॉर्म मी काढलेले नाहीत आणि काढणार नाही. गाडी तुझी आहे.

टी नवा आणला नाना पेठेतून, दोन दुकानं फिरावी लागली. डावा पाइप नवा, कोनसेट नवा, मागचं चाक खुणेला खूण लावून बसवलं. काल सकाळी सहाला पिरंगुटच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगाला हँडलवरची पकड सैल केली, तळवे नुसते टेकवून ठेवले. गाडी गेली सरळ. पण मी मात्र उजवीकडे जात होतो. माझा हात अजून दाबतोच आहे, त्याला कळलेलं नाही की आता गरज नाही. दोनदा रस्त्याच्या मधोमध गेलो. थांबून, मोकळा श्वास घेऊन, खांदे सैल करून परत निघालो. शिकावं लागणार मला ती गाडी परत.

तू डिसेंबरात येतोयस ना, दोघींना घेऊन? मग एक सकाळ माझ्यासाठी ठेव. ताम्हिणीपर्यंत नको, मुळशीपर्यंतच जाऊ. पल्सर तू घे, पोरगी तुझ्या मागे, मी हिमालयनवर तुमच्या मागून येतो. उजवी वळणं तूच मला दाखव कशी घ्यायची.

पोरीच्या हेल्मेटचं माप कळव. तुझं मला माहीत आहे.

तुझा,
संद्या