ब्रश कटर बिघडत नाही, त्याचं सेटिंग जुनं राहतं

महोदय,

पाऊस ओसरला की बांधावरचं गवत कमरेला लागतं आणि कोरेगाव भागातल्या आमच्यासारख्या गॅरेजवाल्यांच्या दारात बंद पडलेले ब्रश कटर, म्हणजे गवत कापायची पेट्रोलची मशिनं, येऊन पडतात. "चायना माल हो, दोन हंगामात गेला," हे प्रत्येकाच्या तोंडी ठरलेलं. मला ते निम्मंही पटत नाही. काही मशिनं हलकी असतात हे खरं. पण इंजिन पकडतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने: पंपावरचं पेट्रोल बदललं आणि कार्बोरेटरचं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, सेटिंग होतं तसंच राहिलं. ते सेटिंग करून द्यायला विकणारा बांधील नाही. म्हणून हे पत्र.

आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. सरकारने हे उद्दिष्ट आधी 2030 साठी ठेवलं होतं, ते अलीकडे ओढून 2025 मध्येच गाठलं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच पुरते. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर बसवलेल्या जेटमधून, कार्बोरेटरच्या इंधनाच्या बारीक भोकातून, आता सुमारे 8 टक्के जास्त इंधन जायला हवं. नव्या मोटारसायकलचा कॉम्प्युटर ते आपोआप सांभाळतो. ब्रश कटरला कुठला कॉम्प्युटर? तिथे दोन बारीक स्क्रू आणि रबराचा एक पडदा (डायफ्रॅम), एवढाच कारभार. हवा जास्त आणि इंधन कमी झालं की इंजिन सुरुवातीला उलट जोरात पळतं, मालक खूश होतो, आणि भर उन्हात अर्धा बांध झाल्यावर पिस्टन जाम. बऱ्याच नावाजलेल्या कंपन्यांच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. पुस्तिका वाचतो कोण, आणि मराठीत ती असते कुठे?

कोणी म्हणेल, मेस्त्री इथेनॉलच्या विरोधात दिसतो. तसं नाही. आमच्याच जिल्ह्यांतल्या उसाचं इथेनॉल होतं. उसाला दर मागायचा आणि इथेनॉलला शिव्या द्यायच्या हे मला जमणार नाही. सेटिंग बदला, एवढंच म्हणणं.

जाम झालेला सिलिंडर उघडला की पिस्टनच सगळं सांगतो. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन तापलंय, इंधन कमी पडलंय. चहूबाजूंनी ओढल्यासारखे असतील तर पेट्रोलमध्ये ऑइलच नव्हतं; या टू-स्ट्रोक इंजिनांचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कार्बोरेटरकडच्या बाजूला घासलं असेल तर फिल्टरमधून माती आत गेली आहे. हे न बघता नवा पिस्टन टाकून मशिन परत दिलं, तर तो पिस्टनही त्याच वाटेने जातो.

ऑइलबाबत आपल्याकडे एक समजूत पक्की आहे, "जरा जास्त घातलेलं बरं". बरं अजिबात नाही. त्याच भोकातून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल तेवढंच कमी जातं, शिवाय सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजते आणि मशिन दम टाकतं. मशिनवर 50 ला 1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40 मिली. बाटलीच्या बुचाने अंदाजाने नाही, मापाने. डब्यावर जॅसो एफसी किंवा एफडी हा दर्जाचा शिक्का बघून टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घ्यावं. मोटारसायकलचं उरलेलं इंजिन ऑइल घालणारे महाभागही आहेत, त्यांना काय सांगायचं!

पावसाळाभर कॅनमध्ये ठेवलेलं मिक्स, म्हणजे ऑइल मिसळलेलं पेट्रोल, हा दुसरा घातकी प्रकार. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो, म्हणजे इंजिनला मिळतं ते ऑइल नसलेलं पाणी-इथेनॉल. शंका आली तर ते मिक्स काचेच्या बाटलीत ओतून उजेडात धरा. मधोमध रेषा दिसली तर ते मशिनमध्ये घालू नका. काम संपलं की टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावं. उरलेल्या इंधनाने डायफ्रॅम पापडासारखा कडक होतो. मग लोक प्लग बदलतात, दोरी ओढून खांदा दुखवून घेतात, आणि मशिन काही घेत नाही. डायफ्रॅमचं किट स्वस्तात येतं, पण तालुक्याच्या दुकानात मागा, नवं कार्बोरेटरच पुढे करतील.

सेटिंग करताना आधी फिल्टर आणि जाळी साफ, ताजं मिक्स, आणि इंजिन गरम. मग 'एल' (कमी वेगाचं इंधन) लिहिलेला स्क्रू थोडाथोडा फिरवून आयडल, म्हणजे रेस न देता चालणारं इंजिन, सगळ्यांत मोकळं कुठे चालतं ते शोधायचं. रेस दिल्यावर इंजिन अडखळलं तर तो किंचित उघडायचा. त्यानंतर आयडलचा स्क्रू इतकाच ठेवायचा की ब्लेड फिरता कामा नये. ब्लेड फिरत असेल तर मशिन हातात घेऊ नका, पाय जाईल. 'एच' (जास्त वेगाचं इंधन) स्क्रूला कान लागतो. मोकळ्यावर फुल रेस दिली की आवाज जरा फडफडता, भरलेला यायला हवा आणि गवतात घातल्यावर तोच साफ व्हायला हवा. मोकळ्यावर नुसता किंचाळत असेल तर इंधन कमी आहे. स्क्रू डावीकडे अष्टमांश फेरा उघडा, पुन्हा ऐका. फुल रेसवर उगाच धरून ठेवू नका. काही मशिनांना साधा स्क्रूड्रायव्हर बसत नाही, दातेरी पाना लागतो. तो विकणारा देत नाही आणि बहुतेक गॅरेजवाल्यांकडेही नसतो.

साताऱ्याच्या एमआयडीसीत एकेकाळी महाराष्ट्र स्कूटर्सची 'प्रिया' तयार व्हायची. टू-स्ट्रोकच. त्या स्कूटरवर हात बसलेली पिढी आता निवृत्त झाली. तरुण मुलं स्कॅनर लावून गाड्या बघतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा, त्यांच्यासमोर टू-स्ट्रोक उघडून ठेवलं कोणी?

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत छोटी यंत्रं अनुदानावर मिळतात. बिल पाहून अनुदान देताना विक्रेत्याने मशिन इथल्या पेट्रोलवर सेट करून, शेतकऱ्यासमोर चालवून दिलं का, ऑइलचं माप, मराठी पुस्तिका, स्क्रूचा पाना आणि एक डायफ्रॅम किट दिलं का, हेही कृषी खात्याने तपासावं. सातारा आणि सांगलीच्या आयटीआयने छोट्या इंजिनांचा आठवड्याभराचा वर्ग घ्यावा. शिकवायला आमच्यातले जुने मेस्त्री येतील, मीही येईन. पगार नको, फक्त शनिवार सोडून बोलवा, त्या दिवशी गॅरेजात गर्दी असते.

– एक गॅरेजवाला, कोरेगाव, जि. सातारा