भरलेल्या चॉकलेटच्या टिकाऊपणाबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, साध्या चॉकलेटमध्ये पाण्याचा अंश नगण्य असल्याने ते थंड, कोरड्या जागी काही महिने टिकते. परंतु आत ताजे क्रीम, ओले खोबरे किंवा फळांचा गर भरला की त्याचा टिकाऊपणा त्या सारणातील पाण्यावरच ठरतो. अशी चॉकलेटे हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्येच ठेवावीत व आठवडाभरात संपवावीत. भाजलेला सुकामेवा भरलेली चॉकलेटे अधिक टिकतात, मात्र तोही कालांतराने खवट होतोच. वर दिसणारा पांढुरका थर बहुधा कोकोबटरचा किंवा साखरेचा असतो, त्याने घाबरू नये. पण सारणाला आंबूस वास आल्यास चव घेऊन पाहण्याच्या फंदात पडू नये. विक्रीसाठी देणाऱ्या सभासदांनी प्रत्येक खोक्यावर सारणाचे नाव व बनविल्याची तारीख अवश्य लिहावी.